काचवाल्याची माणसं

४ मार्च

प्रिय भाऊजी,

प्रभूत सलाम.

तुमचं पत्र पोचलं. फोन बंदच आहेत आणि टपाल आता आठवड्यातून एकदा येतं, तेही पोलिसांच्या गाडीमागून. म्हणून उत्तराला उशीर झाला, रागावू नका.

बातम्यांत ऐकलंच असेल. वरच्या वस्तीने खालच्या वस्तीचं पाणी तोडलं, खालच्यांनी टाकीवरच्या पहारेकऱ्याला मारलं, आणि तिथून जे पेटलंय ते विझायचं नाव घेत नाही. आपलं काचेचं दुकान दोन्ही वस्त्यांच्या मधल्या रस्त्यावर. म्हणजे येणाऱ्याचा दगडही आपल्याच तावदानावर आणि जाणाऱ्याचाही. सुरुवातीला हे म्हणाले होते, "धंदा कधी नव्हे इतका तेजीत आहे, फक्त गिऱ्हाईकही आपणच आहोत."

ह्यांच्या उजव्या हाताला काच लागली आहे, म्हणून मी लिहितेय. काळजीचं कारण नाही. एकच विनंती, तीही ह्यांचीच: सध्या इकडे येऊ नका. पुलावर बसमधल्या माणसांना खाली ओढून "कुठल्या वस्तीचा?" म्हणून विचारतात, आणि उत्तर काहीही दिलं तरी मारतात. चर्चच्या पाळकांच्या मेव्हण्याचं डोकं तिथेच फोडलं. आपण कुठल्याच वस्तीचे नाही, हे उत्तर तर कोणालाच चालत नाही.

बंदरावर सांभाळून राहा. जेवणाची आबाळ करू नका.

तुमची वहिनी


१२ मार्च

वहिनी,

सलाम.

दादा डावखुरा आहे.

लहानपणी शाळेत त्याने डाव्या हाताने लिहू नये म्हणून मास्तरांनी पट्ट्या मारल्या, तरी त्याने हात बदलला नाही. काच कापायची हिरकणीसुद्धा डाव्याच हाताने धरतो. तुम्ही इतकी वर्षं त्याच्याशेजारी उभ्या राहून तावदानांना लांबी लावलीत, तुम्हाला हे सांगायला नको. तुम्हाला खोटं बोलता येत नाही वहिनी, आणि आलंच तर असं येतं.

काय झालंय ते लिहा. मी क्रेनच्या केबिनमध्ये बसून हे लिहितोय. खाली मुकादम बोंबलतोय. बोंबलू दे. डोळे गेले का? पाय? जे असेल ते लिहा.

तुमचा दीर


२० मार्च

प्रिय भाऊजी,

बसून वाचा.

दादा गेले. मी पहिलं पत्र लिहिलं तोवर ह्यांना माती देऊन झाली होती. खोटं लिहिलं ते त्यांच्याच शब्दाखातर. "धाकट्याला एवढ्यात कळवू नकोस," म्हणाले. "तो रागात निघेल आणि पुलावरच मरेल." भावाची माती तुमच्या हातून हिरावली गेली. त्याची माफी मागते. मिळेल अशी आशा आता तरी धरत नाही.

त्या दुपारी खालच्या वस्तीतल्या धुलाईवाल्या मायलेकी चर्चचे धुतलेले पडदे माझ्याकडे द्यायला आल्या होत्या. तेवढ्यात रस्ते बंद झाले. ह्यांनी दोघींना माळ्यावर काचेच्या पेट्यांमागे बसवलं. थोड्या वेळाने वरच्या वस्तीचा जमाव आला. त्यांनी विचारलं, "आत कोण आहे?" हे दारात उभे राहिले. म्हणाले, "माझी बायको आहे आणि दोन पाहुण्या आहेत. पाहुण्यांना मी घराबाहेर काढत नाही."

"बाजूला हो काचवाल्या."

"नाही होत."

लोखंडी नळीचा पहिला घाव गुडघ्यावर बसला. हे खाली गेले, पण चौकट धरून पुन्हा उठले आणि दार अडवून उभे राहिले. दुसरा घाव बरगड्यांवर. मी ह्यांच्या सदऱ्याला मागून धरलं होतं, तो माझ्या हातात फाटून आला. त्यांना बाहेर ओढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले काचेचे मोठे तक्ते, दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ते, कोणीतरी त्यांच्या अंगावर लोटून दिले. काच फुटल्याचा आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. हा तसा नव्हता. त्यात माणूस होता.

रक्त इतकं उडालं की पुढचे मागे सरले. मग लष्कराची गाडी दिसली आणि सगळे पळाले. मायलेकी वाचल्या.

हे तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीवर होते. ज्याने नळी चालवली त्याच्याबद्दल म्हणाले, "त्याला सांग, माझ्या मनात काही नाही." मग पाणी मागितलं.

तुमची वहिनी


२७ मार्च

वहिनी,

ह्या पत्रात सलाम लिहिला नाही, समजून घ्या.

तुम्ही माझ्या भावाला माझ्याशिवाय पुरलंत. ते मी गिळतो, कारण तो तुमचा नवरा होता. पण एक मला आत्ता हवंय. नळी कोणाच्या हातात होती? तुम्ही सदरा धरून उभ्या होता, म्हणजे तुम्ही तोंड पाहिलंय. तुम्ही तुमच्या चर्चमध्ये जाऊन काय क्षमा करायची ती करा. मी चर्चची पायरी चढून किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. तुमचं नातं चारचौघांसमोर जोडलं गेलं, आमचं एका आईच्या पोटात. तुम्हाला सोडून देणं जमतं, मला जमणार नाही.

कोण होता तो?


५ एप्रिल

प्रिय भाऊजी,

सांगणार नाही.

तुम्ही म्हणता तसं तोंड मी पाहिलंय. ते तोंड आपल्या घरात जेवलंय भाऊजी. न्हाणीघरातला नळ त्याच्याच हातचा, अजून एक थेंब गळत नाही. आदल्या आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाला खालच्या वस्तीत दगडांनी ठेचलं होतं. चेहरा ओळखायला आईला बोलावलं, तर तिने हातावरून ओळखलं. त्या दुपारी आमच्या दारात आलेला माणूस तो नव्हताच, त्याच्या अंगात दुसरंच काही शिरलं होतं. म्हणून त्याने केलं ते कमी होत नाही. पण तुमच्या अंगात तेच शिरू पाहतंय, ते मला तुमच्या अक्षरात दिसतं. तुमच्या पेनाने कागद फाटलाय.

आणि मला जमतं असं म्हणालात. काय जमतं? सकाळी उठून मी त्याचं नाव घेऊन प्रार्थनेला बसते आणि तोंडातून शिव्या येतात. मग गप्प बसते. मग पुन्हा सुरू करते. प्रभूने वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं, ती गोड आवाजात करा असं काही सांगितलेलं नाही. एवढ्याच आधारावर चाललंय.

इकडे रोज कोणीतरी मरतंय. काल रेशनच्या रांगेवर गोळ्या झाडल्या. चर्चच्या तळघरात दोन्ही वस्त्यांची मिळून साठेक माणसं आहेत, एकमेकांकडे पाठ करून झोपतात. चर्चच्या खिडक्यांना पत्रे ठोकायचं काम आता मीच करते.

उत्तर लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालतील.

तुमची वहिनी


२४ एप्रिल

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. त्याऐवजी इकडे जे झालं ते लिहिते.

परवा संध्याकाळी दुकान बंद करताना वरच्या वस्तीत धूर दिसला. मी धावले. नळवाल्याचं घर पेटलं होतं. रॉकेलचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. नळवाला घरी नव्हता. त्याची आई होती. शेजारी लांब उभे होते. म्हातारीला चालता येत नाही, ती दारापर्यंत सरपटत आली होती आणि उंबऱ्यावर तिचं लुगडं पेटलं होतं. मी तिच्यावर ओलं पोतं टाकलं, काचेच्या हातगाडीवर घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे वऱ्हांड्यातसुद्धा जागा नव्हती. नर्सने मलम दिलं, पट्ट्या दिल्या आणि म्हणाली, "घरी न्या, बाई. आमच्याकडे नुसत्या मरतात." म्हणून घरी आणली. ह्यांच्या पलंगावर आहे.

काल सकाळी नळवाला आला. दाराची कडी एका लाथेत उडाली. हातात मोठा पान्हा.

"तुझ्या माणसांनी जाळलं!"

"आवाज कमी कर," मी म्हटलं. "आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."

त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने पान्हा उगारला तो माझ्या खांद्याला चाटून चौकटीत बसला. हाड मोडलं नाही, पण हात अजून वर जात नाही. त्याने पान्हा उपटून पुन्हा उगारला, तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आहे गं?"

मी म्हटलं, "तुमचा मुलगा."

"हात धुऊन आत ये म्हणावं."

भाऊजी, तो माणूस पान्हा खाली ठेवून खरोखर हात धुवायला गेला. त्याने स्वतःच बसवलेल्या नळाखाली किती तरी वेळ उभा होता. बाहेर आला तेव्हा मी ह्यांचा निरोप सांगितला. तो भिंतीला धरून खाली बसला आणि जनावर ओरडतं तसा ओरडला. मी त्याला उठवलं नाही. उठवावंसं वाटलं नाही.

आता तुम्हाला विचारायचं आहे. शेजारच्यांनी आग लावणाऱ्याला ओळखलं. तुमचा दोस्त ट्रकवाला. काडी टाकताना तो ओरडला म्हणे, "काचवाल्याच्या भावाकडून!"

मी नाव लिहिलं नव्हतं. नळ लिहिला होता. ते वाक्य आता मला झोपू देत नाही.

हे खोटं आहे असं लिहा.


२ मे

वहिनी,

खोटं नाही.

न्हाणीघराचा नळ वाचला आणि मला लगेच माणूस आठवला. नळ बसवला त्या दिवशी मी सुट्टीवर तिथेच होतो. ट्रकवाला माल उतरवायला बंदरावर येतो. त्याला मी बाजूला घेतलं आणि म्हटलं, "त्याचं घर जाळ, त्याच्यासकट." त्याने विचारलं, "घरात आणखी कोण असतं?" मी म्हटलं, "ते तू बघू नकोस."

म्हातारी असते हे मला ठाऊक होतं. विसरलो असं लिहायला बसलो होतो, ते खोडलं. तिचा विचार मनात आला होता वहिनी. आला आणि मी तो बाजूला सारला.

तुमचं वाक्य तुम्ही डोक्यातून काढा. तुम्ही त्या माणसाची कीव यावी म्हणून लिहिलंत. त्याचा पत्ता मी केला.

आता क्रेन चालवत नाही. परवा खोका हवेत असताना खाली माणूस उभा दिसला आणि हात दांड्यावरून हलेना. मुकादमाने खाली उतरवलं.

म्हातारी कशी आहे?


१५ मे

भाऊजी,

गेली. दहा तारखेला दुपारी. भाजलेली पाठ सडत गेली. पट्टी बदलताना ती माझं मनगट चावायची, ओरडू नये म्हणून. तिच्या दातांचे वण अजून आहेत. शेवटी मला म्हणाली, "तुझ्या देवाशी बोल गं माझ्यासाठी, मला सुचत नाही." मी बोलले. तिचा मुलगा पायाशी बसला होता.

तुमचं पत्र मी फाडलं. मग तुकडे गोळा केले. तीन उत्तरं लिहिली, तीही फाडली.

पाळक उपासनेत म्हणाले, काचवाल्याच्या बायकोचं काळीज बघा. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मला उठून जावंसं वाटलं. नळवाल्याला जे काही मी दिलं ते माझं नव्हतं. ह्यांचा शब्द होता, मी फक्त पोचवला. तुमच्यासाठी ह्यांनी काही शब्द ठेवला नाही. ह्यांना काय माहीत तुम्ही असं कराल. आता जे द्यायचं ते माझ्याच पदरचं, आणि पदरात हात घातला तर रिकामा येतोय. वैऱ्यासाठी प्रार्थना जमली. दिराचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही. खोटं लिहायचं नाही, म्हणून हे लिहिलं.

म्हातारीला माती देऊन आल्यावर मी नळवाल्याला म्हटलं, "पोलिसांनी विचारलं तर त्या दुपारचं मी खरं सांगणार आहे. क्षमा वेगळी आणि साक्ष वेगळी."

तो म्हणाला, "आणि मी पळालो तर?"

"तर पळ."

दुसऱ्या दिवशी तो चौकीच्या पायरीवर बसलेला लोकांनी पाहिला. साहेब येईपर्यंत बसून होता. जाण्याआधी दारात येऊन एवढंच म्हणाला, "तुझ्या दिराला मी सोडणार नाही. हे तुला आधीच सांगतोय."

मी तुम्हाला सांगितलं. पुढचं तुम्ही आणि प्रभू बघा.


६ जून
जिल्हा तुरुंग

वहिनी,

सलाम. हे पत्र वेडंवाकडं दिसेल. एक डोळा सुजलाय आणि जबडा बांधलेला आहे.

बसने आलो. पुलावर कोणी ओढलं नाही, लष्कर उभं होतं. तुमच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत आलो आणि मागे फिरलो. तुमच्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती. सरळ चौकीत गेलो आणि सगळं सांगितलं. ट्रकवाला अजून फरार आहे. मला ज्या तुरुंगात घातलं तिथेच नळवाला होता, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच आलो असंही म्हणता येईल, पण तेवढा शूर मी नाही. दोन दिवस त्याच्या नजरेस पडू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवलो.

तिसऱ्या दिवशी अंगणात पाणी भरताना त्याने ओळखलं. काही बोलला नाही. भरलेली बादली माझ्या तोंडावर घातली. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. दोन दात थुंकले. त्याने पुन्हा मारलं, पुन्हा. माझे हात तुम्ही पाहिलेत, मी त्याला उचलून भिंतीपलीकडे फेकू शकलो असतो. हात उचलला होता. खरं सांगतो, उचलला होता. मग खाली बसलो आणि डोकं धरलं.

शिपाई आले. त्यांनी त्याला पाडलं आणि काठ्यांनी झोडायला लागले, पाठीवर, डोक्यावर, नुसती मजा म्हणून. त्याचं डोकं फरशीवर आपटत होतं. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं वहिनी. इतके महिने तेच तर हवं होतं. मी जाऊन त्याच्या अंगावर पडलो. का, ते अजून सांगता येत नाही. प्रार्थना वगैरे काही मनात नव्हतं. उरलेल्या काठ्या माझ्या पाठीवर बसल्या. आमचं दोघांचं रक्त एकाच मोरीत गेलं.

आता दोघे तुरुंगाच्या दवाखान्यात शेजारच्या खाटांवर आहोत. आज दुपारी त्याने विचारलं, "मध्ये का पडलास?" मला बोलता येत नाही, मी खांदे उडवले. मग छताकडे बघत म्हणाला, "तुझा भाऊ गुडघा फुटल्यावर पुन्हा उठला होता. मला वाटलं नव्हतं तो उठेल." आणि कूस बदलली. दादाचं हे तुम्ही लिहिलं होतं, पण ते मला त्याच्याही तोंडून ऐकायचं होतं.

तुमचं पंधरा मेचं पत्र मी त्याच्या हातात दिलं. त्यात त्याच्या आईचं शेवटचं आहे, ते त्याचं आहे. त्याने परत केलं नाही.

पहिल्या रविवारी भेटीचा दिवस असतो. एका माणसाला एकाच कैद्याला बोलावता येतं. माझ्यासाठी येणार असाल तर येऊ नका. त्याला बोलवा. त्याच्याकडे यायला आता जगात कोणी उरलेलं नाही.

तुमचा दीर


८ जुलै

प्रिय भाऊजी,

प्रभूत सलाम.

रविवारी आले होते. शिपायाने वही पुढे केली आणि विचारलं, "कोणाला बोलवू?" मी नळवाल्याचं नाव सांगितलं. शिपाई म्हणाला, "तुमचा कोण?" मागे रांग अडली होती. मी म्हटलं, "लिहा घरचा," आणि त्याने तसंच लिहिलं.

तो जाळीपलीकडे येऊन उभा राहिला आणि माझ्या मागे कोण आलंय ते बघत राहिला. कोणीच नव्हतं. तेव्हा त्याला कळलं की मी त्याच्याचसाठी आलेय. "त्याने पाठवलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "सुचवलं त्याने. आले मी." त्याच्या एका कानाला आता ऐकू येत नाही, त्या काठ्यांनी. मला प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगावी लागली. आजूबाजूच्या सगळ्यांना आमचं सगळं कळलं.

आईबद्दल विचारलं. जे आठवलं ते सगळं सांगितलं, चावलेल्या मनगटासकट. तो हसला, मग हसताहसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्याने जाळीला कपाळ टेकवलं. मी पलीकडून हात ठेवला, जाळीवरच. एवढंच करता येत होतं.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याने मला थांबवलं. म्हणाला, "त्याला अजून चावता येत नाही. पाव पाण्यात भिजवून देतो मी. पण दवाखान्यातला शिपाई चोर आहे, दूध मधल्यामध्ये पितो. वरच्या साहेबाला सांगून जा."

सांगून आलेय. आता दूध नीट मिळेल, नाही मिळालं तर कळवा.

घरी येऊन तुमचं नाव घेऊन बसले. जीभ उचलली. पुढे काही शब्द आले नाहीत, नुसतं नावच झालं, पण झालं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी येईन आणि तुम्हाला बोलावेन. काय बोलणार ते मला आत्ता ठाऊक नाही. कदाचित ओरडेन. जाळीजवळ या मात्र.

तुमची वहिनी